युफ्रेशियाचे थेंब आणि एक ‘म्हणून’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीवर आलेल्या लेखात युफ्रेशियाच्या होमिओपॅथिक थेंबांविषयी ‘वनस्पतीपासून बनलेले, म्हणून निर्धोक’ असे वाक्य आहे. त्यातल्या ‘म्हणून’ला माझी हरकत आहे. हे थेंब मी स्वतः दोन वर्षे वापरले आहेत, तेव्हा काठावर बसून बोलतो आहे असे समजू नये.

युफ्रेशिया ही युरोपातल्या कुरणांत उगवणारी लहानखुरी वनस्पती. शेजारच्या गवताच्या मुळांतून ती अन्नपाणी ओढून घेते, म्हणजे अर्धी परोपजीवीच. फूल पांढरे, त्यावर जांभळ्या रेषा आणि एक पिवळा ठिपका. लाल शिरा दिसणाऱ्या डोळ्याची आठवण व्हावी असे ते दिसते, आणि रूपावरून गुण ठरवण्याच्या जुन्या युरोपीय समजुतीने त्याला डोळ्यांचे औषध करून टाकले. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धीला चांगला, त्यातलाच हा प्रकार. होमिओपॅथीने पुढे लक्षणांची बारीक वाटणी केली: डोळ्यांतले पाणी झोंबते आणि नाकातले झोंबत नाही, तर युफ्रेशिया, उलट असेल तर कांद्यापासून केलेले अ‍ॅलियम सेपा. ही वाटणी मला आजही गमतीची वाटते. अडचण येते ती पोटन्सीशी, म्हणजे औषध किती पातळ केले त्या मापाशी. ६ सी म्हणजे एक भाग अर्क एक लाख कोटी भागांत. ३० सीमध्ये मूळ वनस्पतीचा एखादा रेणू सापडण्याची शक्यताही जवळजवळ उरत नाही.

मग मला बरे का वाटायचे? खरोखर वाटायचे. थेंब पडला की गारवा यायचा, चुरचुर थांबायची. पुढे नेत्रतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला: नुसते कृत्रिम अश्रू टाकून पाहिलेत का? पाहिले, आणि तेवढाच आराम पडला. परागकण आणि धूळ धुऊन निघते, हेच त्यातले काम. एका माणसाच्या डोळ्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे, पण माझ्यापुरते कोडे सुटले.

खरी चूक पुढची. बाटलीचे टोक पापणीला टेकायचे, ती कधी उघडली हेही मला आठवत नसे. एकदा फक्त डावा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना. दोन्ही डोळ्यांना खाज म्हणजे अ‍ॅलर्जी, पण एकाच डोळ्यात दुखणे म्हणजे वेगळे काही, हे मला तेव्हा कळत नव्हते. चार दिवस मी थेंबच टाकत राहिलो. बुबुळावर जंतुसंसर्गाची जखम निघाली. ती बाटलीमुळेच झाली असा माझा दावा नाही. चार दिवस मात्र ‘निर्धोक’ या शब्दाच्या भरवशावर गेले.

डोळा म्हणजे जीभ नव्हे. गोळी पोटात जाते, तिथे जंतूंना अडवायला आम्ल असते. डोळ्यात टाकलेले औषध शरीराची काही नैसर्गिक संरक्षणे चुकवून आत जाते, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये डोळ्यांच्या विनापरवाना औषधांबाबत कंपन्यांना ताकीद देताना म्हटले होते. थेंब निर्जंतुक असणे ही वनस्पती कोणती यापेक्षा मोठी बाब आहे. घरात मदर टिंक्चर, म्हणजे वनस्पतीचा मूळ अर्क, पाण्यात मिसळून डोळ्यात घालणारेही मला भेटले आहेत. त्यात मद्यार्क असतो, एवढे सांगितले तरी पुरे.

लेखिकेला एक विनंती कळवावी. पुढच्या वेळी चौकटीत एवढे यावे: खाज आली तर चोळू नका, चोळल्याने हिस्टामिन हे खाज आणणारे द्रव्य आणखी सुटते आणि खाज वाढते, गार पाण्याची पट्टी ठेवा, अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या, स्टेरॉइडचे तर स्वतःहून कधीच नको. आणि दुखणे, उजेड न सोसणे, नजर धूसर होणे किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

आपला,
एक नियमित वाचक