ताई, तुमच्या कामाच्या वहीसाठी मनापासून आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या कामाची वही तुम्ही मागेल त्याला वाचायला दिलीत, त्याबद्दल हे पत्र. नमुने बरेच जण देतात. पण टेडी अस्वल बनवताना ते नेमकं कुठे बिघडतं आणि का, हे इतक्या बारकाईने लिहिलेलं आम्हाला दुसरीकडे कुठे सापडलं नाही. छंद म्हणून एखादं अस्वल सुरेख जमून जातं. त्यावर घर चालवायचं तर दहाच्या आवृत्तीतलं (एकाच नमुन्याची ठरावीक, क्रमांक घातलेली अस्वलं म्हणजे आवृत्ती) दहावं अस्वलही पहिल्यासारखंच निघावं लागतं, आणि त्याला लागणारा सगळा हिशोब तुमच्या वहीत आहे. ती वाचून संग्राहकांसाठी टेडी बनवण्याचा व्यवसाय सुरू केलेल्या आम्हा सगळ्यांकडून हे आभार.

आधी कापडाचं पान. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची लव, बहुधा सुती पाठीवर विणलेली. 35 सेंटिमीटरच्या अस्वलाला साधारण 50 बाय 70 सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. पण तुम्ही बजावलंत की पूर्ण आवृत्तीचं कापड एकदमच घ्या. पुढच्या खेपेच्या रंगात थोडाफार फरक येतोच, आणि क्रमांक 4 आणि क्रमांक 5 शेजारी ठेवले की संग्राहकाच्या तो लगेच नजरेत भरतो. नमुन्याच्या प्रत्येक तुकड्यावर लवेच्या दिशेचा बाण हवा. हात, पाय आणि डोक्याच्या बाजू आखताना एक तुकडा सुलटा आणि एक उलटा, नाहीतर दोन्ही हात डावेच निघतात. कातरताना कात्रीचं फक्त टोक पाठीलगत सरकवायचं आणि पाठ तेवढी कापायची. पूर्ण पातं चालवलं तर कडेची लव छाटली जाते, शिवणीवर टक्कल पडल्यासारखी रेघ उमटते आणि ती कितीही ब्रश फिरवला तरी झाकत नाही.

शिवणीबद्दल तुम्ही थोडकंच लिहिलंत, ते बरोबरच आहे, कारण शिवण येणाऱ्याला ते पुरतं: माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, 5 ते 6 मिलिमीटर, लव सुईने आत ढकलून मगच कच्चा टाका, मानेशी आणि भरणासाठी ठेवलेल्या तोंडाशी दुहेरी शिवण. एका गोष्टीवर मात्र तुम्ही अख्खं पान खर्च केलंत, ती म्हणजे डोक्याची मधली पट्टी. तिचा मध्य नाकाच्या टोकाशी पक्का करायचा आणि दोन्ही बाजू नाकाकडूनच मानेकडे शिवत न्यायच्या. एक बाजू नाकाकडून आणि दुसरी मानेकडून शिवली तर कापड उलटसुलट सरकतं आणि डोकं पिळल्यासारखं दिसतं. पट्टी 2 मिलिमीटर जरी सरकली तरी नाक वाकडं होतं, आणि भरण घालून ते सरळ करता येत नाही.

सांध्यांच्या पानांसाठी तर किती आभार मानावेत! जर्मनीत रिचर्ड स्टाइफ यांनी 1902 मध्ये आखलेल्या अस्वलाचे हातपाय दोरीने जोडलेले होते. दोरी सैल पडायची म्हणून स्टाइफ कारखान्याने आधी धातूच्या सळ्या वापरून पाहिल्या आणि 1905 च्या सुमारास चकत्यांच्या सांध्यावर आला. आजही आपण तोच सांधा घालतो. हार्डबोर्डच्या दोन चकत्या, एक हातात आणि एक धडात, मधे दोन्हीकडचं कापड, बाहेरून वॉशर आणि आरपार बोल्ट. चकती हाताच्या वरच्या गोलाईपेक्षा 3 ते 5 मिलिमीटर लहान असावी. मोठी झाली तर खांद्यावर चुण्या पडतात, फार लहान झाली तर हात लटपटतो. बोल्टसाठीचं भोक हाताच्या आतल्या बाजूला असायला हवं, म्हणून त्याची खूण कातरतानाच करायची. आणि सगळ्यात कामाचं वाक्य: सांधा आज हवा त्याहून घट्ट आवळा, कारण चकत्यांमधलं कापड हळूहळू दबतं आणि सांधा आपोआप थोडा सैल होतो. नायलॉनचं अस्तर असलेला नट घेतला की तो फिरून सुटत नाही. बोल्टऐवजी कॉटर पिन (दोन टोकं वळवून अडकवायची पिन) वापरली तर तिची दोन्ही टोकं पकडीने वॉशरवर टेकेपर्यंत घट्ट वळवायची, नुसती वाकवून सोडायची नाहीत. विकलेलं अस्वल दुरुस्तीसाठी परत येतं तेव्हा बहुतेक वेळा दुखणं इथलंच असतं, आणि पोट उसवल्याशिवाय आतल्या नटापर्यंत हात पोचत नाही.

भरणाचं तंत्र तुम्ही वजनात लिहिलंत, ही तुमची खास देणगी. प्रत्येक पायात किती ग्रॅम फायबर, डोक्यात किती, पोटात वजनासाठी घातलेल्या छर्‍यांच्या (बारीक गोळ्यांच्या) पिशवीचं वजन किती. छर्रे सुटे ओतायचे नाहीत, घट्ट विणीच्या कापडाच्या शिवलेल्या पिशवीतच घालायचे, नाहीतर शिवणीतून गळतात. ते स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण साधं लोखंड ओल लागली की गंजतं आणि डाग बाहेर येतो. फायबर चिमटीएवढा घेत घेत भरायचा. मोठा गोळा कोंबला की दोन गोळ्यांमधे खळगा राहतो. नाकाडाचा भाग सगळ्यात आधी भरायचा, तोही दगडासारखा टणक, कारण नाकाचे टाके ओढताना मऊ भरण आत खचतं.

चेहऱ्यासाठी तुम्ही घाई करू दिली नाहीत. 35 सेंटिमीटरच्या अस्वलाला 8 ते 10 मिलिमीटरचे काचेचे डोळे. आधी काळ्या डोक्याच्या टाचण्या लावून समोरून, बाजूने आणि आरशात पाहायचं, फोटो काढायचा, मगच जागा ठरवायची. टोच्याने भोक पाडताना धागे बाजूला सारायचे, तोडायचे नाहीत, कारण तुटलेल्या धाग्यांतून डोळा पुढे कधीतरी निसटतो. डोळ्याच्या तारेची कडी पकडीने चपटी करून आत घालायची आणि मेण लावलेला जाड दोरा मानेच्या मागे ओढून बांधायचा. दोरा जितका ओढाल तितका डोळा खोल जातो आणि अस्वल तितकं विचारी दिसतं, म्हणून दोन्हीकडची ओढ सारखी हवी. नाकाचे टाके मधोमध सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भरत जायचे, म्हणजे दोन्ही कडा समान निघतात. लव कातरायची ती सगळ्यात शेवटी, थोडी थोडी. मोहेर परत वाढत नाही.

डोळ्यांमधलं अंतर, नाकाच्या टोकापासून डोळ्याची उंची, कानाचं शिवणीपासूनचं अंतर, हे सगळं तुम्ही मिलिमीटरमध्ये मांडलंत. आवृत्ती उभी राहते ती या आकड्यांवर. पाचव्या अस्वलाचा चेहरा पहिल्याशी जुळला नाही, तर घेणाऱ्याने ज्या चेहऱ्यासाठी नाव नोंदवलं तो त्याला मिळालेलाच नसतो.

यापुढची पानं छंद करणारे सहसा वाचत नाहीत, पण नोकरी सोडून हे काम धरणाऱ्याला तीच तारतात. तुम्ही एका अस्वलाच्या वेळेची फोड दिलीत: कातरणं 2 तास, हातशिवण 7, भरण आणि सांधे 5, चेहरा 4, शेवटची साफसूफ आणि फोटो 2. एकूण 20. छंद करणारा फक्त कापडाचा खर्च धरतो आणि हे 20 तास फुकट देऊन टाकतो. तुमचा हिशोब साधा होता: साहित्य, तासांची मजुरी, वाया जाणारं कापड, पॅकिंग, आणि नवा नमुना बसवताना बनलेल्या, न विकता येणाऱ्या अस्वलांचा वाटा. दुकानं बहुधा विक्रीकिमतीच्या निम्म्यालाच माल उचलतात. त्या निम्म्यात मजुरी सुटत नसेल तर दुकानाची ऑर्डर घेऊ नका, आणि घेतलीत तर स्वतः थेट विकताना दुकानापेक्षा कमी किंमत लावू नका, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. जाहीर केलेली आवृत्ती वाढवायची नाही, कितीही मागणी आली तरी. दुसऱ्याच्या प्रकाशित नमुन्यावरून बनवलेलं अस्वल त्याच्या परवानगीशिवाय विकायचं नाही. तुम्ही यावर तडजोड केली नाहीत, आणि या दोन्ही बाबतींत आम्ही पूर्णपणे तुमच्या बाजूचे आहोत.

सुरक्षिततेचं पान तर प्रत्येकाने भिंतीवर लावावं. काचेचे डोळे, तार, छर्रे: हे लहान मुलाच्या हातात देण्यासारखं नाही. युरोपियन संघाच्या 2009 च्या खेळणी सुरक्षा निर्देशात संग्राहकांसाठीच्या वस्तू वेगळ्या धरल्या आहेत. मात्र त्या 14 वर्षं आणि त्यापुढच्या संग्राहकांसाठी आहेत, असं वस्तूवर किंवा वेष्टनावर सहज वाचता येईल असं लिहावं लागतं. नुसत्या लेबलाने खेळणं संग्राह्य होत नाही, हेही तुम्ही जोडलंत. मुलांसाठी बनवायचं असेल तर साहित्य वेगळं, चाचण्या वेगळ्या, आणि त्याचा हिशोबही वेगळा.

कसरीबद्दलही आभार. मोहेर शेवटी केसच, आणि कसर त्यावर तुटून पडते. जुनं किंवा शंकेचं कापड घट्ट बंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, म्हणजे कापडावर दव धरत नाही. प्रत्येक आवृत्तीचा हातभर तुकडा आणि डोळ्यांची एक जोडी दुरुस्तीसाठी राखून ठेवायची ही तुमची सवय आता आमच्यातही रुजली आहे.

तुमच्या वहीत 15 सेंटिमीटरखालच्या अस्वलांची मापं नाहीत, म्हणून ती या पत्रासोबत पाठवत आहोत. 8 सेंटिमीटरच्या अस्वलाला मोहेर जाड पडतं, त्याऐवजी आखूड लवेचं सोफ्याचं मखमली कापड चालतं. माया 2 ते 3 मिलिमीटर, पण कातरण्याआधी आखलेल्या रेषेवर धागे न सुटू देणारं द्रव लावून वाळवायचं, नाहीतर उलटवताना शिवण कडेपासून निसटते. टाके हाताने, जवळजवळ 1 मिलिमीटरचे. डोळ्यांना 2 मिलिमीटरचे काळे मणी, चकत्या 6 मिलिमीटरच्या. तुमच्या अनुभवात यातलं काही वेगळं असेल तर समासात तसं लिहा आणि मगच ही पानं वहीला जोडा.

तुमच्या वहीवरून शिकलेले,
आम्ही सगळे अस्वलकार