मोटर आता घरचंच ऐकते

इंदिरानगर, नाशिक
१२ जुलै

प्रिय मन्या,

गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या मोटरला आयता ‘स्मार्ट’ स्विच बसवला होता, आठवतंय? एकदा नेट गेलं. मी ऑफिसात ‘बंद’ दाबतोय, मोबाईलवर नुसतं चक्र फिरतंय आणि इकडे टाकी वाहून खालच्या काकूंचे पापड भिजले. जिन्याखालच्या मोटरला निरोप द्यायचा, तोही कुठल्या तरी परदेशी सर्व्हरला वळसा घालून! तो स्विच त्याच रात्री काढला.

आता जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट चालतं, म्हणजे घरातली उपकरणं घरातूनच चालवणारं सॉफ्टवेअर. २०१३ पासूनचं, फुकट. लॅपटॉपच घेतला, कारण लाइट गेली तरी त्याची बॅटरी आहे. राउटरला मात्र छोटा यूपीएस लावावा लागला.

खरी गंमत गच्चीवर. टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून पातळी कळते. तीन दिवस सगळं छान, पण टाकी भरत आली की आकडे वेड्यासारखे उड्या मारायचे. मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी कळलं, वीसेक सेंटीमीटरच्या आतलं या सेन्सरला दिसतच नाही! पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा झाकणावर उभा केला, सेन्सर त्याच्या टोकाला. झालं. आणि हो, सेन्सरची इको पिन, म्हणजे उत्तर देणारी तार, पाच व्होल्टची; ते वाचणाऱ्या ईएसपीची, म्हणजे छोट्या वायफाय बोर्डाची, ३.३ ची. व्होल्टेज उतरवायला मध्ये दोन रेझिस्टर टाक, माझं एक बोर्ड जळलंय.

मोटर एक एचपीची आहे, ती चिमुकल्या रिलेवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर, थेट घेऊ नकोस. चालू होताना करंट कितीतरी पट खेचते. वायरमनकडून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार झेलणारा दणकट स्विच, बसवून घेतला, रिले फक्त त्याला इशारा करतो. शिवाय पंचवीस मिनिटांनी मोटर थांबायचीच, हा नियम खालच्या बोर्डातच घातलाय. लॅपटॉप झोपला तरी पापड सुरक्षित.

बाकी दिवे-पंख्यांचं फार काही केलं नाही. आमच्या स्विचबोर्डात स्मार्ट स्विचला लागणारी न्यूट्रल वायरच नाही, आणि आई भिंतीवरचंच बटण दाबते. तिचं बरोबर आहे. बाबा मात्र सकाळी नळ आले की चहा घेत स्क्रीनवर ‘टाकी ६२ टक्के’ मोठ्याने वाचतात, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं.

येताना पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन ईएसपी ३२ घेऊन ये. पैसे इथे देतो, मिसळ वेगळी.

तुझा,
बाळ्या