मदरबोर्डाआधी वायरी काढून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापुरात माझं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. मुलाकडची मराठीत, मुलीकडची कन्नडात, असलं काम. ऐन लग्नसराईत कॉम्प्युटरने हट्ट धरला. बंद करून चालू केला तर सुरळीत. रीस्टार्ट दिलं की कंपनीच्या लोगोवरच थांबायचा. पंखा फिरतोय, पडदा ढिम्म.

सीपीयू चादरीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन बेळगावला नेला. तिथे पाच मिनिटांत निकाल: मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेला. गेला असता तर बंद करून पुन्हा कसा चालू होतो, असं विचारलं. उत्तर नाही. तपासणीचे पैसे मात्र घेतले.

घरी भाचा म्हणाला, "मामा, लोगोवर अडकतोय म्हणजे विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. फॉरमॅट मारूनही उपयोग नाही." कीबोर्ड-माऊस सोडून सगळ्या यूएसबी वायरी उपटल्या आणि गडी उठला! मग एकेक परत लावत, दरवेळी रीस्टार्ट. गुन्हेगार सापडला: बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क. रीस्टार्टमध्ये यूएसबीची वीज सहसा तुटत नाही, त्यामुळे ती अर्धवट जागीच राहायची आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं कॉम्प्युटरमधलं मूळ सॉफ्टवेअर, तिच्यातच विंडोज शोधत बसायचं. बायोसमध्ये बूटच्या क्रमात, म्हणजे विंडोज आधी कुठे शोधायचं त्या यादीत, आतली डिस्क वर घेतली. आता ती वायर लावूनही रीस्टार्ट होतो.

दुरुस्तीवाल्यांनी गिऱ्हाइकाला नवा बोर्ड सांगण्याआधी एवढ्या वायरी तरी काढून बघाव्यात, ही विनंती.

आपला,
एक पत्रिकावाला, खानापूर