खिमा आधी शिजवा

माननीय संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतल्या नाचोजच्या (मक्याच्या चिप्सवर चीज वितळवून करायचा मेक्सिकन पदार्थ) कृतीत कच्चा खिमा थेट चिप्सवर पसरून ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलंय. कृपया असं कुणी करू नये! मी मूळची वसईची, आता टेक्सासात राहते; कामावरून उशीर झाला की आमच्याकडे हेच जेवण. बीफचा खिमा आधी कढईत लसूण, जिरेपूड, लाल तिखट घालून पूर्ण शिजवावा (आत ७१ अंश सेल्सिअस व्हायलाच हवं) आणि सुटलेली चरबी निथळून टाकावी, नाहीतर चिप्स मऊ पडतात. ओव्हनमध्ये फक्त चीज वितळायचं असतं, २०० अंशांवर ८ मिनिटं पुरतात. मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास शहरातल्या इग्नासिओ अनायाने पहिल्यांदा नाचोज केले तेव्हा खिमा नव्हताच. टॉर्टियाचे (मक्याच्या पातळ पोळीचे) तुकडे, चीज, हालापेन्यो मिरची, बस्स. टोमॅटो-कोथिंबीर ताट बाहेर काढल्यावरच घाला.

– एक वाचक, सॅन अँटोनिओ