आमच्या जलतरण प्रशिक्षक मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या तलावावर सकाळच्या महिला बॅचला आपण जे शिकवता, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते अनावृत ठेवले, कारण गुडघेदुखी आणि मधुमेहामुळे व्यायामाचा नाद सोडून दिलेल्या, साठीला टेकलेल्या माझ्यासारख्या इतर स्त्रियांच्याही ते वाचनात यावे.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितले होते आणि नेमके चालणेच माझ्या गुडघ्यांना नको होते. आपण मला आधी उथळ भागात नुसते चालायला लावले आणि त्यामागचे कारणही समजावून सांगितले. पाणी कमरेपर्यंत असले की पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार येतो, छातीपर्यंत आले की तो एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. भार घटला म्हणून श्रम मात्र घटत नाहीत, कारण पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्यामुळे हातापायांची प्रत्येक हालचाल त्याला रेटूनच करावी लागते. झिजलेल्या सांध्याला आराम आणि त्याच सांध्याभोवतीच्या स्नायूंना काम, अशी सोय जमिनीवर सहसा होत नाही.

सर्वांत मोठे ऋण आहे ते श्वासाचे. आम्हा सगळ्यांना हात मारायची घाई होती, आणि आपण मात्र काठाचा दांडा धरून, तोंड पाण्यात घालून सावकाश बुडबुडे सोडण्यापलीकडे कित्येक दिवस जाऊ दिले नाही. बुडण्याच्या भीतीने माणूस श्वास कोंडून धरतो, आतली हवा बाहेर न गेल्याने नवी घेता येत नाही आणि मग दमायला होते ते पोहण्याने नव्हे, तर या कोंडीने, हे आपले निदान अगदी खरे निघाले. पाण्याचा दाब छातीवर असल्याने श्वास आत घेणाऱ्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो आणि त्यांचा आपोआप व्यायाम होतो. तोच दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलतो, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक भरते, म्हणून तेवढ्याच श्रमाला पाण्यात नाडीचे ठोके बहुधा कमी पडतात. त्यामुळे मनगटी घड्याळातल्या आकड्याकडे न बघता, दोन लॅपच्या मध्ये थांबल्यावर धाप न लागता एखादे वाक्य बोलता येते का, हे पाहायला आपण शिकवले. हृदयविकार असलेल्यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपण पाण्यात उतरू देत नाही, हेही इथे नमूद करते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास पोहले की तो हिशेब पुरा होतो. काठाला धरून मारलेल्या गप्पांची मिनिटे त्यात धरायची नाहीत, हे आपण न रागावता पण नेमक्या वेळी सांगता.

आपण पोहण्याची नुसती भलामण करत नाही, याचे मला विशेष वाटते. पाणी शरीराला उचलून धरते, म्हणूनच हाडांना बळकटीसाठी लागणारा भार त्यात मिळत नाही. तेव्हा पाळी गेलेल्या बायकांनी आठवड्यातून दोन दिवस वजने उचलण्यासारखे व्यायामही केले पाहिजेत, असा आपला आग्रह असतो. ब्रेस्टस्ट्रोकच्या लाथेने गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो, म्हणून मला आपण फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकच दिले. मधुमेही बायकांनी काठावर चपलेशिवाय फिरायचे नाही, पिशवीत साखर ठेवायची आणि चक्कर आल्यासारखे वाटताच हात वर करायचा, हे नियमही आपलेच.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण आपण अधूनमधून देता. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, उपचार म्हणून पोहू लागला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आला. आम्हाला पदकाची हाव नाही, पण दुखऱ्या शरीराने पाण्यात उतरण्यात संकोच कसला, हा प्रश्न त्यांच्यामुळे मिटतो. आमच्या गावी मुलगे पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत आणि आम्ही मुली वर त्यांचे कपडे सांभाळत असू. त्यामुळे या वयात पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरणे हेच माझ्यासाठी मोठे काम होते. ते आपण कोणताही गाजावाजा न करता सोपे करून टाकलेत.

माझ्या मधुमेहाच्या गोळ्या चालूच आहेत आणि गुडघेही नवे झालेले नाहीत. मात्र जिना चढताना कठड्याचा आधार क्वचितच घ्यावा लागतो, झोप चांगली लागते आणि तलावाची दोन्ही टोके न थांबता गाठता येतात. पुढच्या महिन्यात माझी नणंद आपल्या बॅचला येणार आहे. ती फार उतावळी आहे, तेव्हा तिलाही बुडबुड्यांवरच भरपूर अडवून ठेवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
सकाळच्या महिला बॅचमधील एक विद्यार्थिनी