पंगतीआधीचं जेवण

सांगली,
9 जुलै

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गोडाऊनमध्ये पातेली मोजत बसलो होतो. आषाढी झाली, मुहूर्त संपले, भट्ट्या थंड. आता तुळशीच्या लग्नापर्यंत आमचा केटरिंगचा धंदा म्हणजे जावळ, डोहाळजेवण आणि सत्यनारायण. त्यामुळे तुझं सगळं निवांत ऐकून घेतलं. चिडला होतास. पगार वाढवला, दिवाळीला बोनस दिला, छातीवर नाव छापलेले टी-शर्ट दिले, आणि तरी ऐन एप्रिलात, अर्ध्या नाशिकचे एसी बंद पडलेले असताना तुझ्या एसी दुरुस्तीच्या धंद्यातली दोन पोरं दुसऱ्याकडे गेली. "अप्पा, तू तीस-तीस माणसं कशी बांधून ठेवतोस?" असं विचारलंस. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं म्हणजे मी कुणाला बांधून ठेवत नाही, आणि माझीही माणसं पळालेली आहेत. एकदा तर पंगत बसलेली असताना पळाली.

ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही, लाज वाटते म्हणून. मिरजेच्या एका कार्यालयातलं लग्न, सहाशे पान. बुफे होता, पण मुलीकडच्यांना दोन पंगती टेबलावर बसवायच्या होत्या. दुसऱ्या पंगतीत एका वाढप्याचा हात थरथरला आणि मठ्ठा थेट व्याह्यांच्या सिल्कच्या सदऱ्यावर. पोरगं एकोणीस-वीस वर्षांचं. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, आणि नुसतं झापलं नाही, खांद्याला धरून मागं ढकललं. त्यानं बादली खाली ठेवली. काही बोलला नाही. टोपी काढली, घडी केली, खिशात घातली आणि मागच्या दारानं गेला. त्याच्या मागोमाग आणखी पाचजण. मसालेभात तसाच राहिला. मी, माझा मेहुणा आणि मुलीचा मामा असे तिघं बादल्या घेऊन पळत होतो. ज्यांच्या सदऱ्यावर मठ्ठा सांडला ते व्याहीच शेवटी उठले आणि लोकांना जिलेबी वाढू लागले.

रात्री मी रागानं धुमसत होतो. आमचे आचारी अण्णा तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "मालक, पोरगं सकाळी सातपासनं उपाशी हुतं. हात थरथरणारच की."

तोवर माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं, बंड्या. आमच्या धंद्यात रीत अशी की पाहुणे जेवणार, मग घरचे, मग मांडववाले, बँडवाले, फोटोवाले, आणि सगळं उरकल्यावर चार-साडेचारला आमची माणसं. तेही उरलं असेल ते. चपात्या संपलेल्या, भात गार, जिलेबी मोजून यजमानांच्या डब्यात गेलेली. सहाशे माणसांचा स्वयंपाक करून स्वतः मात्र गार भातावर आमटी ओतून घ्यायची. कंत्राट करताना मी सहाशे ताटांचा भाव ठरवायचो, त्यात आमची तीस ताटं कुठंच नसायची.

त्यानंतर एकच गोष्ट बदलली. आमची माणसं सकाळी साडेदहाला जेवतात. पहिल्या पंगतीच्या आधी, बसून, गरम. पाहुण्यांचाच मेनू नव्हे. पिठलं, भाकरी, ठेचा, भात, कधी अंड्याचा रस्सा. त्या वीस मिनिटांत कुणाला हाक मारायची नाही, मलाही नाही. यजमानांना बोलणी करतानाच सांगतो, आमची तीस ताटं धरून भाव आहे. काहीजण कुरकुरतात. एकानं तर विचारलं, "देवाला नैवेद्य व्हायच्या आधी?" मी म्हटलं, नैवेद्याचं पान आधी काढून ठेवतो, काळजी नको. गाऱ्हाणी नक्की किती कमी झाली याचा काही मी हिशेब ठेवला नाही, पण भांडणं दुपारी दोनला व्हायची ती बरीच थांबली. दोनच्या भांडणांपैकी निम्मी भुकेची होती हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता तुझं. तुझा मेकॅनिक आणि हेल्पर सकाळी नऊला निघतात, दिवसाला सात-आठ कॉल. तूच सांगितलंस, एकपासून चारपर्यंत फोन सगळ्यात जास्त येतात म्हणून तेव्हाचेच कॉल लावतोस. मग ती पोरं जेवतात कधी? गाडीवर बसून वडापाव? जेट पंप खांद्यावर घेऊन चौथा मजला चढायचा, खिडकीच्या छज्जावर उभं राहून बाहेरचं युनिट धुवायचं, आणि घरातली बाई पाणीसुद्धा विचारत नाही. दीड ते सव्वादोन कॉल लावू नकोस. गिऱ्हाईक बोंबलेल, बोंबलू दे.

दुसरी गोष्ट कापाकापीची. कॉल परत आला, म्हणजे सर्व्हिस केलेला एसी चार दिवसांत पुन्हा गळायला लागला, की तू त्या पोराचे दोनशे कापतोस. मीही कापायचो. करपलं, सांडलं, ग्लास फुटला, की हजेरीतून वजा. मला वाटायचं यानं माणसं जपून काम करतील. झालं असं की माणसं जपून लपवायला लागली. एकदा चाळीस लिटर दुधाची बासुंदी आटत होती. ढवळणाऱ्या पोराची डुलकी लागली आणि दूध तळाला धरलं. त्या क्षणी त्यानं हाक मारली असती तर वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढता आलं असतं. तळ खरवडायचा नाही, बस्स, फार तर पाच लिटर जातं. पण पैसे कापतील या भीतीनं त्यानं उलथन्यानं तळ खरवडला आणि ढवळून टाकलं. सगळ्या चाळीस लिटरला करपट वास. त्या पोराचे मी तीनशे कापले असते, माझं मात्र सगळं दूध गेलं.

तेव्हापासून नियम असा की लगेच सांगितलं तर एक पैसा कापायचा नाही. लपवलं आणि नंतर सापडलं तर पुढच्या दोन ऑर्डरींना बोलावणं नाही. पहिल्या महिन्यात इतकी नुकसानी सांगितली गेली की मला घाम फुटला. आधीही तेवढीच होत असणार, मला फक्त दिसत नव्हती.

तुझ्याकडे काय होत असेल मी सांगतो. गॅस भरताना फ्लेअर नट, म्हणजे पाईप जोडायचा नट, नीट बसला नाही, थोडी गळती आहे, हे पोराला जिन्यातच कळलेलं असतं. तो बोलत नाही, कारण बोलला तर परत चढायचं आणि उशीर झाला म्हणून तुझी बोलणी खायची. आणि चार दिवसांनी तुझाच फोन वाजतो.

पैशाबद्दल मी अनुभवानं एक शिकलो: किती यापेक्षा कधी. लग्नाचं बिल आम्हाला पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं मिळतं, आणि पूर्वी मी माणसांनाही तेव्हाच द्यायचो. "बिल आलं की देतो." आता इसार हातात आला की त्यातून मजुरीचा डबा आधी बाजूला काढतो, किराणा नंतर. वाण्याकडे माझी उधारी चालते, भांडी घासणाऱ्या बाईची वाण्याकडे चालत नाही. काम संपल्यावर त्याच रात्री, टेंपो भरायच्या आधी, सगळ्यांसमोर नाव घेऊन पैसे. बक्षिसीचंही तसंच. मुलीचे वडील खूश होऊन हजाराची नोट अण्णांच्या हातात ठेवायचे आणि ती अण्णांच्याच खिशात राहायची. यावर किती कुजबुज व्हायची ते मला फार उशिरा समजलं. आता पत्र्याचा डबा आहे, सगळी बक्षिसी त्यात, आणि तो उघडायचं काम सगळ्यात नव्या माणसाचं. अण्णा दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते. मग त्यांचं मानधन वेगळं वाढवलं, तेव्हा कळी खुलली. फुकट समजूत कुणाचीच निघत नाही.

चपातीवाल्या मावश्यांचा किस्सा लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक मळणार, एक लाटणार, एक भाजणार, आणि किलोवर मिळालेली मजुरी तिघींत सारखी. मी हुशारी करून सगळ्यात झपाझप लाटणाऱ्या मावशींसोबत सगळ्यात मंद भाजणारी दिली, म्हणजे शिकेल. रोज भांडण. पीठ सैल झालं, तवा गार आहे, हिनं मुद्दाम करपवली. कंटाळून म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा कोण कुणाबरोबर. पाच मिनिटांत ठरलं. आणि गंमत म्हणजे ती मंद भाजणारी कुणीच घेतली नाही असं झालं नाही; तिला तिच्या जावेनं घेतलं, आणि दोघी मिळून आता सगळ्यात पुढं असतात. तुझे मेकॅनिक आणि हेल्पर कोण ठरवतं? तूच ना? एकदा त्यांना ठरवू दे.

"आपण सगळे एकच कुटुंब" हे भाषण तू करतोस का रे? मी करायचो. दसऱ्याला नारळ फोडून. त्या झपाझप लाटणाऱ्या मावशीच एकदा म्हणाल्या, "मालक, घरच्यासारखं म्हणू नगा. घरच्या माणसाला कोण पैसे देतंय? भ्याच वाटतंय." त्या दिवसापासून भाषण बंद.

आणि आता जे लिहितो ते कुणाला दाखवू नकोस. ऑगस्ट 2019 चा महापूर आठवतो ना? आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट ओलांडले, धोक्याची पातळी 45 असताना. आमचं गोडाऊन विश्रामबागेत उंचावर, म्हणून वाचलं. एका शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं, तिथं आम्ही आठ दिवस खिचडी, उपमा, चहा करत होतो. आमच्यापैकी चौघांची घरं पाण्यात होती, तरी ते पहाटे पाचला भट्टीवर. मजुरीचा विषय कुणी काढला नाही. पाणी उतरल्यावर एका मंडळानं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माझा फोटो. मी भाषणात "माझ्या सर्व सहकाऱ्यांनी" असं म्हणालो आणि खाली बसलो. सहकारी मागच्या रांगेत उभे होते.

तुळशीचं लग्न झालं, पहिल्या ऑर्डरीला थंडीत भट्टीजवळ उभे होतो. अण्णा म्हणाले, "मालक, शाल उबदार हाय का?"

एवढंच. मी दुसऱ्या दिवशी शाल त्यांना द्यायला गेलो, त्यांनी घेतली नाही, आणि बरोबरच केलं. त्या आठ दिवसांची मजुरी मी नंतर सगळ्यांना दिली. घेतली, पण कुणी खूश झालं नाही. चार महिने उशीर झाला होता. आता जेवण छान झालं म्हणून कुणी माझा हात हातात घेतला की मी म्हणतो, "थांबा, ज्यांनी केलं त्यांना बोलावतो." अण्णा हात पुसत, टोपी सरळ करत येतात.

राहिला उचलीचा प्रश्न. तू विचारलंस की आगाऊ पैसे देऊन पोरं अडकवावीत का. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मुकादम उचल देतो आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामभर ते पैसे फेडत राबतात. मुकादमाला झोप नसते, टोळी पळाली तर? आणि टोळीलाही नसते, कर्ज फिटलंच नाही तर? त्या वाटेला जाऊ नकोस. मी उचल देतो, पण पंधरा हजेऱ्यांच्या वर नाही, आणि दुसरीकडे जायचं असेल तर जा, हप्त्यानं फेड, असं आधीच सांगून. खरा प्रश्न मंदीतल्या महिन्यांचा असतो. पावसाळ्यात तुझी पोरं काय खातात? आम्ही गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतो, पितृपक्षात जेवणं, दिवाळीला फराळ. नफा जेमतेम, पण मावश्यांचा हात चालू राहतो आणि नोव्हेंबरात माणसं शोधत फिरावं लागत नाही. तू पावसाळ्यात सोसायट्यांची वर्षाची सर्व्हिसिंगची कंत्राटं घे, गीझर आणि वॉटर प्युरिफायर धर.

एक काम मात्र या आठवड्यातच कर. पोरांच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का बघ. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 2 लाख. दवाखान्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून वेगळी अपघात पॉलिसी तू स्वतः काढ. आणि छज्जावर उतरताना पट्टा. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका पोराच्या हातावर कढईतलं तेल उडालं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

गेलेल्या त्या दोघांना फोन करून बघ. परत ये म्हणू नकोस. का गेलास, एवढंच विचार आणि मध्ये बोलू नकोस. तुला मध्ये बोलायची सवय आहे, दहावीत सरांनाही बोलू द्यायचा नाहीस.

वहिनींना नमस्कार. चिरंजीवांची बारावी कशी चालली आहे? हिनं कुरडया बांधून ठेवल्या आहेत, कुणी नाशिकला येणारं मिळालं की पाठवतो.

तुझा,
अप्पा

ता. क. गोडाऊनमधला डीप फ्रीजर रात्री गर्रगर्र आवाज करतो आणि खाली पाणी साचतं. इथला मिस्त्री गॅस भरायला लागेल म्हणतो. मला वाटतं लुटतोय. तुझ्या एखाद्या पोराला व्हिडिओ कॉल लावून दे, पण दीडच्या आधी.