सोसलेल्या छळाची भरपाई कोणी करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेममुळे तरुणांची विवेकबुद्धी बोथट होते, असे मत आपल्या दैनिकाच्या पुरवणीत अधूनमधून वाचायला मिळते. त्या मताचा सरसकट प्रतिवाद करण्याची माझी इच्छा नाही. मला एकाच गेममधील एकाच पात्राविषयी लिहायचे आहे, कारण त्याच्या निमित्ताने खेळणाऱ्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांच्याच जातीच्या प्रश्नांशी मी फौजदारी वकिलीत अनेक वर्षे झटापट केली आहे. आणि माझ्या मते त्यांची उत्तरे देताना पुष्कळ जाणती माणसेसुद्धा एका विशिष्ट ठिकाणी घसरतात. ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे, त्यांचा रसभंग होईल, हे आधीच सांगून ठेवते.

हा गेम म्हणजे बेल्जियममधील गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेला ‘बाल्डर्स गेट ३’. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम गेम ठरला. तो प्रौढांसाठीच आहे आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये, याविषयी मला शंका नाही. त्यात आपल्या टोळीत सामील होणाऱ्या सोबत्यांपैकी एक आहे ॲस्टेरियन. हा मूळचा एल्फ जमातीचा, बाल्डर्स गेट याच शहरातला दंडाधिकारी. गुर नावाच्या भटक्या लोकांनी त्याच्यावर हल्ला केला. तो मरणाच्या दारात असताना कॅझडोर झार या व्हॅम्पायरने, म्हणजे माणसांचे रक्त पिणाऱ्या आणि उन्हात जळणाऱ्या पिशाच्चाने, त्याला अमरत्व देऊ केले आणि त्याने होकार भरला. पुढची सुमारे दोनशे वर्षे तो कॅझडोरचा ‘स्पॉन’, म्हणजे मालकाचा शब्द मोडण्याची ताकदच नसलेला बंदा गुलाम, होऊन राहिला. देखण्या रूपाच्या आणि गोड बोलण्याच्या जोरावर रात्री सावजे हेरून ती वाड्यावर आणायची, आणि स्वतः मात्र उंदरांच्या रक्तावर दिवस काढायचे, असे ते जिणे होते. गेम सुरू होतो तेव्हा एक परजीवी अळी त्याच्या डोक्यात घातली गेलेली असते. ही अळी इतरांसाठी संकट असली तरी त्याच्यासाठी वरदान ठरते, कारण तिच्यामुळे त्याला उन्हात फिरता येते आणि मालकाची त्याच्या मनावरची पकड सुटते.

त्याच्याविषयीचे पहिले निर्णय सोपे आहेत आणि त्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. मुक्कामावर एका रात्री आपण झोपेत असताना तो आपल्या मानेशी वाकतो आणि पकडला जातो. त्याला हाकलायचे, की थोडे रक्त पिऊ द्यायचे, हे आपण ठरवायचे. पिऊ दिले तर दुसऱ्या दिवशी आपल्याच अंगात अशक्तपणा येतो आणि गेममधले यशापयश ठरवणाऱ्या फाशाचे प्रत्येक दान एका अंकाने हलके पडते. येथे दया दाखवणारा स्वतःच्या खिशातून किंमत मोजतो, त्यामुळे तिसऱ्या कोणी तक्रार करण्याचे कारण उरत नाही.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. मूनराइज टॉवर्स या गढीत आराज ओब्लोड्रा नावाची रक्ताचा व्यापार करणारी बाई भेटते. व्हॅम्पायरने आपल्याला चावावे, ही तिची हौस. त्याबदल्यात ती एक दुर्मिळ काढा देऊ करते, ज्याने पिणाऱ्याचे बळ दोन अंकांनी कायमचे वाढते. ॲस्टेरियन नाही म्हणतो. तिच्या रक्ताचा वासच त्याला सहन होत नाही. संभाषण तेथे संपत नाही, कारण ती बाई त्याच्याकडे पाठ फिरवून आपल्याशी बोलू लागते, जणू तो आपल्या मालकीचा आहे आणि सौदा आपल्याशीच करायचा आहे. पडद्यावर आपल्यापुढे पर्याय येतात. त्यांत त्याला गळ घालण्याचाही पर्याय असतो, आणि आपण जोर लावला तर तो खरोखरच ऐकतो. दोनशे वर्षे ज्याला दुसऱ्याच्या फायद्यासाठी आपले शरीर पुढे करावे लागले, त्याला पुन्हा तेच करायला सांगून आपण दोन अंक कमावतो. गेम आपल्याला त्यासाठी फारसा दंड करीत नाही. काढा मिळतो आणि तो खराही असतो. नंतर तो या विषयावर बोलतो तेव्हा मात्र आपण त्या काही क्षणांपुरते कॅझडोरच्या जागी उभे होतो, हे ध्यानात येते. ज्या खेळात चांगुलपणाला नेहमी बक्षीस मिळते, त्या खेळातला चांगुलपणा हा शेवटी हिशेबच असतो. येथे बक्षीस उलट्या बाजूला ठेवले आहे, म्हणून या प्रसंगाला मी नैतिक निवड म्हणते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. गेमच्या शेवटच्या भागात कॅझडोरच्या वाड्याखालचे तळघर उघडते आणि दोनशे वर्षांच्या चाकरीचे प्रयोजन कळते. सात स्पॉन आणि सात हजार जीव मेफिस्टोफिलीस या सैतानाला अर्पण करून कॅझडोरला असा व्हॅम्पायर व्हायचे असते, ज्याला ऊनही जाळू शकत नाही. ॲस्टेरियनच्या पाठीवर त्याने कोरलेले व्रण हा त्या सौद्याच्याच करारनाम्याचा एक भाग असतो. कॅझडोरने ज्यांचे रक्त पिऊन संपवले असे ॲस्टेरियन समजत होता, ती त्याने स्वतः आणलेली माणसे तेथे कोठड्यांतून जिवंत आहेत. स्पॉन होऊन, भुकेने वेडीपिशी होऊन. त्यांत गुर लोकांची पळवून आणलेली मुलेही आहेत. कॅझडोरचा पाडाव झाल्यावर ॲस्टेरियन म्हणतो की विधी मोडण्याऐवजी मीच तो पुरा करतो, मालकाच्या जागी मी आणि माझ्या जागी मालक. त्यासाठी त्याला आपली मदत लागते, कारण स्वतःच्या पाठीवरचे व्रण त्याला दिसत नाहीत. आपण ते पाहून मनोमन त्याच्यापर्यंत पोहोचवले, तरच त्याला ते कॅझडोरच्या पाठीवर उतरवता येतील. म्हणजे या कृत्यात आपण नुसते साक्षीदार नसतो. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर आपण नुसत्या चिथावणीच्या पुढे जाऊन प्रत्यक्ष साहाय्य करीत असतो, आणि तीही अपप्रेरणाच ठरते.

माझ्या परिचयातील तरुण खेळाडूंशी या प्रसंगाविषयी बोलले, तेव्हा एक युक्तिवाद वारंवार ऐकू आला. ज्याने इतके सोसले, त्याला पुन्हा कोणाची भीती बाळगावी लागू नये, एवढे सामर्थ्य त्याला मिळायलाच हवे, असा तो युक्तिवाद. त्यात ओलावा आहे आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात.

पहिला प्रश्न असा, की दोनशे वर्षांत त्याने जी माणसे वाड्यावर आणली, त्यांच्याबद्दल त्याला दोषी धरायचे का? आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या कलम ९४ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये, तत्काळ मृत्यूच्या धमकीखाली केलेल्या कृत्याला माफी आहे. पण खुनाला ती लागू नाही. केवळ धमकीचा बचाव मांडला, तर ॲस्टेरियनचा वकील अडचणीत येईल. परंतु स्पॉनची स्थिती धमकी मिळालेल्या माणसाहून वेगळी आहे. धमकी मिळालेला माणूस भीतीपोटी का होईना पण निवड करतो. मालकाची आज्ञा झाली की स्पॉनचे पाय आपोआप चालू लागतात. जेथे इच्छाच उरली नाही, तेथे गुन्हेगारी मन कोठून आणायचे? एकदा त्याला एका कोवळ्या तरुणाची दया आली आणि त्याने त्याला वाड्यावर नेले नाही, याची शिक्षा म्हणून त्याला वर्षभर एका थडग्यात कोंडून ठेवण्यात आले. सरकारी वकील म्हणेल की म्हणजे आज्ञेत कोठेतरी फट होती आणि त्याला ती ठाऊक होती. मी त्याचा असा अर्थ लावते, की त्या फटीतून एकदा बाहेर डोकावल्याचे काय होते, हेही त्याला ठाऊक होते. एकंदरीत भूतकाळाच्या बाबतीत मी त्याला निर्दोष सोडीन, आणि तसे करताना मला फारसे जड जाणार नाही.

दुसरा प्रश्न तळघरातला आहे. तेथे कॅझडोर जमिनीवर पडलेला आहे, आज्ञा करणारा कोणी उरलेला नाही, आणि दोनशे वर्षांत पहिल्यांदाच ॲस्टेरियन जे काही करील ते पूर्णपणे त्याचे स्वतःचे कृत्य असेल. ज्या कारणाने पहिल्या प्रश्नात तो सुटला, तेच कारण येथे नाहीसे झालेले आहे. सोसलेल्या छळामुळे मागच्या कृत्यांची शिक्षा कमी होऊ शकते, माफही होऊ शकते. परंतु पुढे दुसऱ्यांच्या जिवावर काही खरेदी करण्याचे ते चलन नव्हे. शिवाय विधीत ज्यांचा बळी जाणार, त्यांत त्याच्याबरोबर राबलेले सहा स्पॉनही आहेत. तेही त्याच मालकाचे गुलाम होते आणि त्यांनीही तसेच सोसले. छळाच्या मोबदल्यात जर सामर्थ्य मिळायचे असेल, तर त्या सहांचा हक्क कमी कसा? याचे उत्तर देताना बहुतेक जण गप्प होतात किंवा ‘ते तर साइड कॅरेक्टर’ असे हसून सांगतात, आणि मला वाटते, खरे उत्तर त्या हसण्यातच आहे.

ॲस्टेरियन आपल्याबरोबर महिनोन्‌महिने चालतो, विनोद करतो, टोमणे मारतो. नील न्यूबन या अभिनेत्याने त्याला असा काही आवाज दिला आहे, की २०२३ च्या त्याच सोहळ्यात सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार त्यांना मिळाला. उलट बाजूला सात हजार जण आहेत, आणि त्यांच्यापैकी मोजक्यांनाच आपल्याशी दोन वाक्ये बोलण्याची संधी मिळते. गेमच्या पहिल्या भागात दलदलीत गँड्रेल नावाचा गुर शिकारी भेटतो आणि ॲस्टेरियनला पकडून नेण्यासाठी आपण आलो आहोत असे सांगतो. त्याला थापा मारून वाटेला लावणारे किंवा सरळ मारून टाकणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत. तो फिर्यादी पक्षाचा माणूस होता आणि त्या फिर्यादीच्या मुळाशी पळवून नेलेली लेकरे होती, हे कितीतरी उशिरा, शहरात पोहोचल्यावर उलगडते. आरोपी रोज समोर उभा राहतो, त्याचे कुटुंब बाकावर बसलेले दिसते, आणि मयताची बाजू मात्र शवविच्छेदनाच्या अहवालापुरती उरते, असे खटले मी पाहिले आहेत. जो जवळ आहे त्याच्याकडे कल जातो. या गेमच्या लेखकांनी तो कल मुद्दाम तयार केला आहे आणि मग त्याच्याविरुद्ध जाऊन मोजमाप करायला सांगितले आहे, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते.

तरीही त्याला अडवणाऱ्याने आपली पाठ थोपटून घेऊ नये. विधी झाला तर त्याच्या प्रत्येक वाराला जादा मारक बळ मिळते आणि ऊन कायमचे त्याचे होते. समजूत घालून त्याला परावृत्त केले, तर तो कॅझडोरला भोसकून मारतो, त्याच्या शवावर कोसळून रडतो, आणि शेवटी डोक्यातली अळी मेली की धक्क्यावरच्या भर उन्हात त्याची कातडी जळू लागते व त्याला सावली शोधत पळावे लागते. आपल्या तत्त्वाची किंमत तो चुकती करतो. आपल्या खिशाला तोशीस लागत नाही. म्हणूनच, केवळ हुकूम सोडून त्याला थांबवण्याऐवजी गेम आपल्याला त्याच्याशी बोलायला लावतो, हे मला योग्य वाटते. ज्याने दोनशे वर्षे आज्ञा पाळल्या, त्याला आणखी एक आज्ञा करून चांगले वागायला लावणे म्हणजे मालक बदलणे झाले असते. आपण त्याला तो कॅझडोरपेक्षा वेगळा होऊ शकतो एवढे सांगू शकतो, आणि ते त्याला पटावे लागते. (ज्यांनी विधीला मदत केली आणि त्याच्याशी प्रेमसंबंधही ठेवले, त्यांना तो पुढे आपली स्पॉन व्हायला सांगतो. भस्मासुराची गोष्ट लहानपणी ऐकलेल्यांना याचे नवल वाटू नये.)

राहता राहिले ते सात हजार. विधी मोडल्यावर त्यांना सोडायचे की संपवायचे, हाही निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. सोडले तर ते ॲस्टेरियनच्या भावंडांबरोबर अंडरडार्क या भूगर्भातल्या प्रदेशात जातात. जो गुन्हा अजून घडलेला नाही त्याची देहदंडाची शिक्षा देणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे नाही, आणि पिंजऱ्यातली मुले डोळ्यांपुढे असताना तर नाहीच. म्हणून मी त्यांना सोडले. माझ्या भाचीने त्यावर विचारले की अंडरडार्कमध्ये आधीपासून राहणाऱ्या लोकांना, भुकेले सात हजार शेजारी चालतील का, असे कोणी विचारले होते का? आवाज न ऐकू आलेल्या माणसांची बाजू घेऊन मी तिच्याशी तासभर बोलले होते, आणि हा प्रश्न तिने माझ्याच युक्तिवादातून काढला होता. तिला देण्याजोगे उत्तर माझ्याकडे अजून नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे असल्यास ते याच सदरात वाचायला मला आवडेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फौजदारी वकील, सांगली